बाजूच्या सीटवरून

मला तो आकडा दिसत नाही.
बाजूच्या सीटवरून दिसतच नाही म्हणे,
चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुरताच असतो तो,
काचेपलीकडे, बॉनेटच्या टोकाशी, हवेत.
शार्दूल सांगतो, मामा, बेचाळीस. हिरवा.
आता मान खाली घालायची गरजच नाही.

मान खाली नाही, हे मान्य.
पण रावपुऱ्यात एकोणतीस वर्षं
मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवली आहेत,
हे बरं की हे? आता? की मघाचं?
डोळा उघडा असतो आणि माणूस घरी नसतो,
हे फार जवळून पाहिलं आहे.

उत्तरायणाचा दुसरा दिवस, वासी.
दांडिया बाजारातून सूरसागराकडे निघालो,
मागे उंधियूचा डबा, झाकणाला फडकं बांधलेलं.
गच्च्यांवरून पिपाण्या, लपेट, लपेट,
विजेच्या तारांवर कालचे पतंग,
स्कूटरींच्या हँडलना मांज्यासाठी तारेची कमान.
शार्दूलच्या हवेत आता एक बाणही होता,
तीनशे मीटरवर डावीकडे,
आणि कुणाचा तरी फोन, नावासकट.
सगळं मला वाचून दाखवत होता,
आंधळ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवावं तसं.

पोरगा गल्लीतून आला.
नऊ-दहा वर्षांचा, हातात काटेरी फांदी,
तोंड आभाळाकडे.
कटलेला पतंग सावकाश उतरत होता
आणि पोरगा त्याच्या खाली खाली.
शार्दूलही समोरच बघत होता, शपथेवर सांगेन.
दोघंही हवेतलंच काही वाचत होते.

मी काय ओरडलो आठवत नाही.
बहुतेक बहिणीचं नाव, त्याच्या आईचं.
डबा आदळला, तेल सीटखाली गेलं.

मग वाकलो, त्याच्या खांद्याला डोकं लावलं,
आणि पहिल्यांदा मला दिसला तो,
पोराच्या शर्टावर, बरोबर मधोमध:
शून्य.
हिरवं, सुबक, छापल्यासारखं.
पोरगा अजून वरच बघत होता.

पुढच्या आठवड्यात शार्दूलला दुकानातला
उन्हाचा चष्मा दिला, पोलराइज्ड. पैसे घेतले नाहीत.
त्या काचेतून आकडा विरतो हे मला ठाऊक होतं,
त्याला नव्हतं.
संध्याकाळी फोन: मामा, आकडा गेला.
म्हटलं, अरेरे.

चार दिवसांनी फतेगंजच्या पुलावर तो समोरून गेला.
चष्मा होता डोळ्यांवर.
मान मात्र एका बाजूला कललेली, पाखरासारखी.
तेवढी कलली की आकडा परत येतो,
हे त्याचं त्यानंच शोधलेलं.