घसारा

नागाओकात बर्फ छपरांना टेकलं होतं
आणि मी कारखान्याच्या पोटमाळ्यावर
एका यंत्राची किंमत बसवत होते.
बीड, वीज, भाडं, व्याज.
मनुष्यबळाच्या रकान्यात इगाराशींचे तास:
एकशे बारा.

म्हणजे एकशे बारा तास हा माणूस
बिडाच्या पाटावर निळी शाई फासतो,
उंचवटा दिसला की पातं टेकवून खरवडतो,
केसाच्या पन्नासाव्या भागाइतका.
मग बोट फिरवतो. मान हलवतो. पुन्हा.

याच यंत्रावर पुढे
चिप बनवणाऱ्या यंत्रांचे भाग कापले जाणार.
माहितीपत्रकात ‘नवनिर्मिती’ सात वेळा आहे,
बोट एकदाही नाही.

साहेब म्हणाले, तास उतरवा, पोराला शिकवा.
पोर आलं, ओनोझुकांचं, चलाख.
दोन वर्षं नुसतं बीड वाया घालवलं त्यानं.
ते कुठे मांडू? खर्चात, की भांडवलात?
यंत्राला घसारा लावता येतो,
वर्षाला दहा टक्के, सरळ रेषेत.
बोटाचं उलटंच:
घासेल तितकं महाग होत जातं,
आणि एका मार्चमध्ये
फुलांचा गुच्छ घेऊन घरी जातं.
शिल्लक शून्य.

संध्याकाळी इगाराशी सही करायला वर आले.
चष्मा खालीच विसरले होते.
तक्त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, सावकाश,
पाचव्या ओळीशी थांबले.
“इथे काहीतरी खोडलंयस.”

खोडलं होतं.
एकशे चाळीस.