नमुना क्रमांक सत्तेचाळीस

प्रश्नावलीत बासष्ट प्रश्न.
पहिल्यालाच सोपानराव बोऱ्हाडे हसले.
"उद्योगाचं स्वरूप? लिहा, चकाकी.
काळं लोखंड येतं, पांढरं होऊन जातं,
मधलं जे उरतं
ते आमचं."

भोसरी, मागची गल्ली.
शेड एवढीशी, की माझी स्कूटर आत घेतली असती
तर रंजन बेहेराला बाहेर उभं राहावं लागलं असतं.
तो बोल्टांची टोपली जस्ताच्या हौदात बुडवत होता,
हातमोजा एकाच हातात,
कोपऱ्यात बारीक आवाजात ओडिया बातम्या.

मी विचारत गेले.
कामगार? "सहा. दिवाळीत दोन."
रोजचं पाणी? "टँकरवाल्याला विचारा.
तो खरं सांगत नाही, मीही नाही."
मुख्य ग्राहक? त्यांनी चाकणच्या कंपनीचं नाव घेतलं,
आणि मी ते जरा सावकाश लिहिलं.
सांडपाण्यावर प्रक्रिया होते का:
हो, नाही, अंशतः.
"पेन ठेवा खाली. चला, दाखवतो."

शेडमागे, नाल्याकडे तोंड करून,
काचेची टाकी. आत सात गप्पी मासे.
"मलेरियावाल्यांनी दिले, फुकट.
शेवटच्या हौदातलं पाणी आधी यांना.
रात्रभर पोहले, तर सकाळी झडप उघडतो.
उताणे झाले, तर परत चुना, परत थांबणं.
तुमचं यंत्र केवढ्याचं?"
मी आकडा सांगितला.
"आमचं पिल्लं घालतं."

मग खिळ्याला अडकवलेलं गोणपाट दिसलं.
धुतलेलं, नीट घडी घातलेलं.
हे कशाला?
बासष्टांत हा प्रश्न नव्हता.

ते नाल्याकडे बघत राहिले.
"गाडी कधी कधी पहाटे चारलाच येऊन उभी राहते.
तासभर उशीर झाला, की पुढची ऑर्डर राजकोटला.
अशा रात्री टाकीवर टाकतो.
माशांनी बघू नये म्हणून नाही हो.
मी बघू नये म्हणून."

कितीदा?
"लिहिणार?"
नाव नाही लिहिणार, म्हटलं.
(इथलंही त्यांचं नाही.)
"यंदा अकरा."

मी बाटली भरली, चिठ्ठी चिकटवली,
बर्फाच्या डब्यात ठेवली.
दापोडीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या.
खाली जलपर्णी इतकी हिरवीगार
की नवख्याला वाटावं, काय ही नदीची माया.
डब्यात बर्फ वितळून खुळखुळत होता
आणि मला सारखं आमच्या अहवालाचं पहिलं पान आठवत होतं:
शाश्वत विकास, प्रादेशिक उद्योग,
खाली सोनेरी अक्षरांत निधी देणाऱ्यांचं नाव.
चाकणचंच.
पहाटे चारला उभी राहते तीच गाडी
आमचे पगारही घेऊन येते.

आलेखात तो एक ठिपका आहे,
रेषेपासून बराच वर.
सर म्हणाले, अपवाद दिसतोय, वगळा.
मी वगळला नाही.
खाली तळटीप दिली, सात ओळींची,
तिच्या छापताना तीन झाल्या.
अकरा हा आकडा राहिला. चार वाजताची गाडी गेली.
मी हरकत घ्यायला हवी होती.
त्या दिवशी मुलीची फी भरायची होती,
किंवा मला तसं आठवायचं आहे.

डिसेंबरात फोन आला.
"मॅडम, तेवीस झाले. टाकी पुरत नाही.
तुमच्या हापिसात ठेवता का थोडे?"

दोन जोड्या आणल्यात.
बरणी टेबलावर आहे,
सह्या करते तिथेच, उजव्या हाताला.
साफसफाईच्या मावशी विचारतात,
रात्री झाकू का, धूळ बसते.
नको म्हणते.
आजवर तरी नको म्हटलंय.