मधलं काम

त्रिमूर्ती चौकात, टायरच्या दुकानावर,
पत्र्याच्या खोलीत साडेसातच्या बॅचला
मी इंग्रजीचे सांधे शिकवते.
नामं, क्रियापदं सगळे आपापली घेऊन येतात
कंपनीतून, दवाखान्यातून, गेटवरच्या रजिस्टरातून,
सुटी सुटी, पिशवीतल्या नटबोल्टसारखी.
माझं काम फक्त मधलं.

फळ्यावर लिहिते: अँड, बट, सो, बिकॉज.
पहिल्या बाकावर वाल्मीक गांगुर्डे, अंबडला वेल्डर,
मनगटापर्यंत ठिणग्यांचे बारीक डाग.
म्हणाले, मॅडम, अँड म्हणजे टॅक.
दोन ठिपके मारायचे, पत्रा जागेवर थांबतो,
भार मात्र द्यायचा नाही त्याच्यावर.
आणि बिकॉज?
ती सलग शिवण. आतपर्यंत मुरलेली.
मी वहीत लिहून घेतलं.
बीएडला असं कुणी सांगितलं नव्हतं.

शहानूर मणियारचा 'च' काही सुटत नाही.
आय लिव्ह इन नाशिक ओन्ली.
माय मदर ऑल्सो, नाशिक ओन्ली.
मी तिचा ओन्ली उचलते,
क्रियापदाच्या अलीकडे नेऊन ठेवते,
तर आता ती नाशकात नुसती राहते,
बाकी काही करत नाही.
ती हसते, डस्टर घेते, पुसते,
पुन्हा टोकाला नेऊन ठेवते.
जुन्या नाशकातल्या त्याच बोळात चौथी पिढी तिची.
कुठल्या नियमानं काढू तो 'च'?

रोहिणी पेखळे गंगापूर धरणाकडच्या वायनरीत
पाहुण्यांना फिरवते. तिला हाउएव्हर हवाय.
धिस वाइन इज यंग. हाउएव्हर,
इथं जरा थांबायचं,
ग्लास उजेडात धरायचा, मग पुढचं.
सासऱ्यांना सांगितलंय, द्राक्षांच्या ऑफिसात आहे.
खोटं नाहीच ते.
हाउएव्हर.

मग ऑलदोचा दिवस आला.
सांगितलं की मराठीत 'जरी' एकटा येत नाही,
तो चपला काढेपर्यंत
'तरी' मागोमाग दारात हजर.
इंग्रजीला ही जोडी चालत नाही.
दोघांतला एकच घ्यायचा.
ऑलदो म्हटलंत तर बट म्हणायचं नाही.
स्वल्पविराम द्या,
पुढचं वाक्य आपल्या पायानं येईल.

हे का, ते मलाही माहीत नाही.
इतकी वर्षं शिकवतेय.

गांगुर्डे उठले. आठवडाभर वाक्य बसवत होते म्हणे,
मशीनच्या आवाजात, काचेच्या आत, ओठांतल्या ओठांत.
ऑलदो माय वाइफ इज नो मोर,
बट

मी बोट वर केलं. सवयीनं.
बट नाही.

ते थांबले.
खाली कुणाच्या तरी टायरात हवा भरत होती.
पेखळेनं पेनाचं टोपण लावलं, काढलं.
मला वाटलं, बसतील.
बसू द्यावं, वाटलं.

ऑलदो माय वाइफ इज नो मोर,
द गॅस सिलिंडर स्टिल कम्स इन हर नेम.

स्टिल मी शिकवलाच नव्हता अजून.
तो पुढच्या आठवड्यात होता, येट आणि ऑलरेडीबरोबर.
तरी नेमका बसला होता,
सिलिंडरनंतर, येण्याच्या आधी,
जिथं बसायला हवा तिथं,
बिनआवाज.

मी खडू हातात घेऊन नुसती उभी.
चूक कुठंच नव्हती, दुरुस्त काय करणार?
गांगुर्डे फळ्याकडे बघत म्हणाले,
जोड धरेल ना, मॅडम?

मी काही बोलायच्या आत
मागच्या बाकावरून शहानूर:

धरेल ओन्ली.