तांबडा रेषेबाहेर

'मेघकेतू'चे बेचाळीस अंक, एकाच ग्रंथात.
वडाळ्याच्या दुकानात मिळाला.
शिवलेली बांधणी, जाड पुठ्ठा. किंमत विचारू नका,
घरी निम्मीच सांगितलीय.

चित्रकार धर्मा मोकल. मूळचा उरणचा.
परळच्या खोलीत ट्रंकेवर पाट ठेवून
आकाश काढायचा म्हणे,
काळ्या टिंबांचं, तडतडणारं,
ब्रह्मांडाला कुणी फोडणी घातल्यासारखं.
गोदीतल्या क्रेनना त्याच्याकडे डोळे यायचे.
आणि ती मूठ! चौकटीत मावायचीच नाही,
थेट आपल्या नाकाशी.
खलनायकसुद्धा दमलेला काढायचा तो,
तिसऱ्या पाळीवरून सुटल्यासारखा.

पानं उलटतो. सगळं आहे.
फक्त शेल्याचा तांबडा आता रेषेत बसवलाय,
संगणकावर, केसभरही न चुकता.

आमच्या अंकांत तो डावीकडे सांडायचा.
भाऊ त्याच प्रेसात मशीनवर होते.
तांबड्याचा ठसा दर वेळी सरकायचा,
मालक पगारातून कापायचा.
मला वाटायचं, मेघकेतू इतका जोरात उडतोय
की रंग मागे राहतोय.

एकदा भाऊंना तसं म्हणालो.
हसले नाहीत. रॉकेलने नखं घासत बोलले,
"मोकलही तेच म्हणाला.
राहू दे म्हणाला, सरळ करू नकोस."

ग्रंथ देखणा आहे. कागद तर झकासच.
माळ्यावरचा सतरावा अंक काढून
मी मध्येच खुपसून ठेवलाय.
पुठ्ठा आता नीट मिटत नाही.