चीक

उसोप आला मिंदानाओहून रावेरला,
पॅकहाऊसमध्ये आम्हाला
घडापासून फणी सोडवायला शिकवायला.
कोयता बाकदार. मनगट फिरलं की फणी सुटते,
केळ्याला ओरखडा नाही.
"हात हलका," जेद्दात शिकलेल्या हिंदीत म्हणायचा.

शुक्रवारी मी निघालो, तर तोही निघाला.
तडवी म्हणजे भिल्ल आणि मुसलमान,
हे त्याला उलगडून सांगावं लागलं नाही.
"आम्हीपण आधी डोंगराचेच."

रात्री भरीत, कळण्याची भाकर.
मिरचीनं नाक वाहू लागलं, तेव्हा बोलला:
मोठ्या फौजेतून एकोणीस जण फुटलो.
ते म्हणायचे, आधी देश, जमीन मग वाटू.
आम्ही म्हणायचो, वाटणार कोण? तेच सरदार?
चंद्रकोर ठेवली, कापड लाल घेतलं.
तीन पावसाळे. उरलो चार.
ज्या कंपनीच्या बागा जाळल्या
तिच्याच बागेत घड मोजायला लागलो.

"मग?"
"मग इथं. तुला शिकवायला."

हा सातपुडा कुणाचा, त्यानं विचारलं.
फॉरेस्टचा, मी म्हणालो.
बापाचा दावा अकरा वर्षं यावलच्या कचेरीत
पडून आहे, ते नाही बोललो.
तो ताट पुसून खात राहिला.

तो गेल्याला महिना झाला.
संध्याकाळी मॅनेजर कोयते मोजतो,
एक कमी भरतो.
माझ्याकडे बघतो.
मी हात पुढे करतो:
बोटांवर चीक, काळा पडलेला,
साबणानं न जाणारा.