आगुदर वरचा

होळी झाली. पडदे गुंडाळून गोदामात गेले,
राजाची तलवार ट्रंकेत, ट्रंकेवर बारदाना,
आणि वडश्याची आमची नाटक मंडळी
आपापल्या घरी मोहफुलं वेचायला मोकळी झाली.
आता गाडी माझी.

धान मळतो ती जागा सपाट.
चाकांपुढं-मागं विटा,
खाली पोतं, पोत्यावर मी,
आणि माझ्या नाकासमोर मागच्या गुल्ल्याचं गोल पोट.
चारही चाकांना जोर लागणारी गाडी घ्यायची हौस,
मग गुल्लेही दोन, कामही दोनदा.

निरूपानं टॉर्च धरलाय.
उजेड मुंगळ्यांवर पडतो, कोंबडीवर पडतो,
सायलेन्सरला अडकलेल्या वाळक्या गवतावर पडतो.
"इकडं दाव ना, माय!"
मग माझ्या डोळ्यांत.

"आगुदर वरचा नट," मी सांगतो.
"खालचा नाही? तेल तं खालून निंगते."
"खालून सांडलं आन वरचा जाम असला,
तं नवं भरशील कुठून?"

हे मला कोणी शिकवलं नाही.
तीन सालांमागं चिचटोल्याच्या शाळेमागं
मी आधी खालचा खोलला होता.
तेल गेलं, वरचा हलला नाही,
नऊ दिवस गाडी उभी, पोटात थेंब नाही.
पडदे माझ्याच गाडीत.
तिकडं नाटक उघड्या मंचावर झालं,
राजा लोकांदेखत धोतर नेसत आला,
आणि लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या.

पान्ह्याच्या दांडीत पाइप, पाइपावर टाच.
कर्र.
सुटला.
आता खालचा.

काळं, जाड, आळशी तेल परातीत उतरतं.
जळका गंधक, सडका लसूण, असा काही वास.
शामकला सुपासकट उठते:
"माह्या मोहाले वास लागंन! हटव ते तिकडं!"
हटवतो कसा? धार चालू आहे.
ती स्वतःच मोह घेऊन पलीकडं जाते,
जाता जाता म्हणते, सांडू नको,
कुडाच्या खांबांना लावते, उधई लागली.

"बाबा, गुल्ला करते काय?"
मी जरा थांबतो. मग मळणीची मेढ दाखवतो.
पात फिरते तेव्हा
मेढीजवळचा बैल चार पावलं चालते,
कडेचा बारा.
दोघांना सारखं चालवलं तं एकाचे पाय मोडतीन.
वळणावर चाकांचंही तसंच.
कोणी किती चालायचं, ते हा ठरवते.
"म्हनून म्हातारा बैल आतून बांधते?"
हो, म्हणून.
हे मात्र मला तिच्या विचारण्यानंतर कळलं.

नटाच्या टोकाला चुंबक.
चुंबकावर करडी लव, उंदराच्या पाठीसारखी मऊ.
पुसताना बोटाला टोचलं.
तांदळाएवढा तुकडा. दात.

कुठल्या रात्रीचा, मला माहीत आहे.
खोब्रागडीच्या वाळूत, मागं जनरेटर,
पलीकडं लोक तिकीट काढून बसलेले,
चाकं जागीच फिरत होती आणि मी पाय उचलला नाही.
आतून टक् झालं.
मी रेडिओ मोठा केला.

नवं नव्वद नंबर मधासारखं.
सलाइनची नळी, कापलेली बाटली,
बाटली उंच धरून निरूपाचा हात भरून आला.
"भरलं हे कसं समजंन?"
"सांडलं का समजंन."
अर्धा तास काहीच नाही.
मग वरच्या भोकाच्या ओठावर एक सोनेरी थेंब,
थांबला, विचार केला, ओघळला.
नट बसवला.

दात अजून माझ्या खिशात.
निरूपानं हात पुढं केला,
समोरच्या दोन दातांच्या जागेतून हसत,
"द्या, कौलावर टाकतो. नवा येते."
येत नाही, हे मी सांगितलं नाही.
तिनं घराकडं पाठ केली
आणि डोक्यावरून मागं भिरकावला.

कौलावर टक् वाजलं.
अगदी तसंच.

शामकलानं विचारलं, काय होतं ते?
मी सांगितलं, यंदा.
समोरचा गुल्ला उद्या.