स्टूल

तिबिलिसीत जून म्हणजे तुतीचे डाग.
दुपारपासून अंगणातल्या दोऱ्या उतरवणं चालू आहे.
सोलोलाकीच्या आमच्या घरात कपडे वाळतात ते हवेत,
या गॅलरीतून त्या गॅलरीत, कप्पीवरून,
आणि आज कुणाची ओली चादर
चेलोवाल्याच्या डोक्यावर टपकायला नको,
असं एल्गुजाने तीनदा बजावलंय.

खुर्च्या गोळा करायचं काम माझ्याकडे.
अकरा घरं, सत्तेचाळीस खुर्च्या,
एकीची उंची दुसरीला नाही.
गुलिकोने आपल्या दोन्हींना खालून खडूने खूण केली,
बदलून आणल्यास तर याद राख, म्हणाली.
अर्शाविरने जुन्या दवाखान्यातलं बाकडं दिलं.
त्यावर अजून लिहिलंय: शांतता राखा.

घर बांधलं कुण्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने.
जिन्याच्या छतावर त्याने रंगवून घेतलेल्या बायका
वाद्यं घेऊन बसल्यात,
एकीला चेहरा उरलाय, बाकीच्यांना ओल.
मग राज्य बदललं, दारं वाढली,
एका दिवाणखान्यात तीन चुली पेटल्या.
त्या वाटणीत पियानो गेला पहिल्या मजल्यावर
आणि त्याचं स्टूल तिसऱ्या.

का, ते सांगणारं कुणी राहिलं नाही.
भांडण राहिलं.
दोन्ही घरांनी ते भांड्यासारखं घासूनपुसून ठेवलं.
त्सिआलाकडे पियानोपुढे
स्वयंपाकघरातली खुर्ची, वर विश्वकोशाचे दोन खंड.
लमाराकडे स्टुलावर तिचा नवरा बसायचा,
शोता, बूट शिवायला.
मळसूत्र फिरवत त्याने ते खाली खाली नेलं,
गुडघ्यांत बूट धरता येईल इतकं,
आणि तिथेच ते गंजलं.

फाटकावर कागद चिकटवलाय:
प्रवेशमूल्य एक बाटली किंवा एक पदार्थ, जमेल ते.
पियानो पाच जणांनी गॅलरीच्या दाराशी ढकलला.
खाली न्यायचा नाही, जिना सोसणार नाही.
श्रोते तुतीखाली बसतील, सूर वरून येतील,
एरवी शिव्या येतात तसे.

वाजवणारी कुताइसीची मुलगी, इआमझे.
खुर्ची बघितली, विश्वकोश बघितला,
नाही, म्हणाली, यावर नाही जमायचं.

अंगणात सगळ्यांनी वर पाहिलं.
पहिल्या मजल्याकडे नव्हे.

लमाराच्या दाराचा आवाज मला पाठ आहे.
आधी साखळी, मग बिजागरी, मग खूप वेळ काही नाही.
ती उतरली एकेक पायरी,
स्टूल पोटाशी धरून,
कुणी हात पुढे केला की मान हलवत.
त्सिआलाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं.
त्सिआला फडक्याने पुसायला वाकली तर म्हणाली,
"नको."
एकवीस वर्षांतला पहिला शब्द.

कातड्यावर आरीची भोकं होती.
मेणाचा वास होता.

तेल झालं, पक्कड झाली, एल्गुजाचा सगळा जोर झाला,
मळसूत्र हललं नाही.
मग इआमझे तशीच बसली, शोताच्या उंचीवर,
खांदे कानांपाशी,
लहान मूल मोठ्यांच्या टेबलाशी बसतं तशी.

काय वाजवलं ते मला विचारू नका.
चेलो खालून, पियानो वरून,
मधे पिकली फळं टपटपत होती
गुलिकोच्या पांढऱ्या मेजपोसावर,
आणि ती एकदाही ओरडली नाही.
पियानोची एक पट्टी मुकी आहे,
दाबली की नुसतं लाकूड वाजतं:
ठक्.
दर वेळी लमारा मान वर करायची,
टाचेत कुणी खिळा ठोकतंय
आणि तो वाकडा गेलाय की काय, अशी.

रात्री खुर्च्या परत केल्या.
शेहेचाळीस भरल्या.
बॅटरी घेऊन शोधत पहिल्या मजल्यावर गेलो
तर त्सिआलाकडे ती होती, आणि तिच्यावर लमारा.
दोघींमध्ये बशी, बशीत बिया.
बोलणं असं काही नाही.
स्टूल कुणाकडे राहणार,
ते उद्या बघू, म्हणाल्या, दोघी एकदम, माझ्याकडे बघून.

मी वहीत लिहिलं:
खुर्ची एक, येणे बाकी.